कॅशबॅक कार्डांचा हिशोब: पोस्टरवरचे टक्के आणि घरातला किराणा

कॅशबॅकचं कार्ड घ्यायचं म्हटलं की सगळे आधी टक्के बघतात आणि तिथेच गंडतात. पाच टक्के, दहा टक्के, एअरटेल ॲक्सिसवर तर चक्क पंचवीस टक्के, मोठ्या अक्षरात. आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की बाबा हे पंचवीस टक्के फक्त एअरटेलच्या बिलांवर, त्यांच्याच ॲपमधून भरलं तर, आणि महिन्याला जास्तीत जास्त २५० रुपये. म्हणजे हजार रुपयांच्या बिलानंतर खेळ खलास. तर टक्के बाजूला ठेवा आणि आधी एक कागद घेऊन स्वतःच्या घरचा खर्च लिहून काढा, नाहीतर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही.

मी इथे चार कार्डं नीट तपासतोय, एसबीआय कॅशबॅक, ॲमेझॉन पे आयसीआयसीआय, ॲक्सिस एस आणि एचएसबीसी लाइव्ह प्लस, बाकीची जाता जाता येतील. लाउंज, गोल्फ, हॉटेलचे पॉइंट वगैरे भानगडी यात नाहीत. ज्याला दूध-किराणा-बिलं-मुलांची फी यातच पगार संपतो त्याच्यासाठी हे आहे. अटी सारख्या बदलतात, त्यामुळे अर्ज भरायच्या दिवशी बँकेचं एमआयटीसी म्हणतात ते महत्त्वाच्या अटींचं पत्रक उघडून आकडे जुळवून घ्या, एजंटच्या तोंडावर विश्वास नको.

हिशोबासाठी एक चौकोनी कुटुंब धरू, महिन्याचा खर्च ४०,००० रुपये, घरभाडं आणि हप्ते सोडून. किराणा ९,०००, त्यातला ५,००० ॲपवरून आणि ४,००० दुकानात जाऊन. भाजी, दूध, टपरी, इस्त्रीवाला, असली क्यूआरवर जाणारी किरकोळ रक्कम ७,०००. पेट्रोल ४,०००. वीज, गॅस, इंटरनेट, मोबाइल मिळून ४,५००. ऑनलाइन खरेदी ६,०००, त्यातली ३,५०० ॲमेझॉनवर. बाहेरून मागवलेलं जेवण ३,५००. मेडिकलमधली औषधं २,०००. शाळा-क्लास ४,०००. तुमचे आकडे वेगळे असतील, असायलाच पाहिजेत, पण पद्धत हीच.

आता यातून काय काय गळतं बघा. पेट्रोलवर बहुतेक कार्डं कॅशबॅक देतच नाहीत, फक्त १ टक्का सरचार्ज माफ करतात आणि त्या सरचार्जवरचा जीएसटी तुमच्याकडून जातो तो जातोच. शाळेची फी, विमा, भाडं, वॉलेटमध्ये पैसे टाकणं हे एकेक करत जवळपास सगळ्यांनी वगळलंय. वीज-गॅसची बिलं बऱ्याच कार्डांवर शून्य. आणि क्यूआरचे ७,००० तर व्हिसा किंवा मास्टरकार्डवर जातच नाहीत, कारण यूपीआयला फक्त रुपे क्रेडिट कार्ड जोडता येतं. बेरीज करा, ४ अधिक ४ अधिक साडेचार अधिक ७, झाले १९,५००. म्हणजे ४०,००० मधले अर्धे पैसे कॅशबॅक सुरू व्हायच्या आधीच मैदानाबाहेर. कॅशबॅकच्या जाहिरातीत हे कुणी सांगत नाही. राहिले २०,५००, सगळी मारामारी या एवढ्यावरच.

हे असं का, तर कॅशबॅकचा पैसा बँक खिशातून देत नाही. तुम्ही कार्ड स्वाइप केलं की दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही, त्यातून साधारण दोन टक्क्यांच्या आसपास एमडीआर, म्हणजे दुकानदाराचं कार्डाचं शुल्क, कापला जातो आणि त्यातला मोठा वाटा तुमच्या कार्डाच्या बँकेला जातो. पेट्रोल, सरकारी भरणा, वीज यांत ही कमाई बारीक असते म्हणून तिथे हात आखडता. आणि जिथे ५ टक्के देतात तिथे २ टक्क्यांच्या कमाईतून ५ कुठून येणार, ते येतात बिल थकवणाऱ्यांच्या व्याजातून आणि फीमधून, किंवा ॲमेझॉन-फ्लिपकार्टसारखी कंपनी स्वतः भर घालते म्हणून. हे डोक्यात ठेवलं की कुठली ऑफर टिकेल आणि कुठली वर्षभरात झोपेल याचा अंदाज आपोआप यायला लागतो.

पहिलं एसबीआय कॅशबॅक. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये आलं आणि तेव्हा लोक वेडे झाले होते, कारण सरळ हिशोब, कुठल्याही वेबसाइटवर ऑनलाइन ५ टक्के, दुकानात १ टक्का, अमुक ब्रँड तमुक पार्टनर अशी यादी नाही. फी ९९९ अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे ११७९ रुपये, वर्षात २ लाख खर्च केला तर माफ. स्टेटमेंट निघालं की दोन दिवसांत पैसे आपोआप कार्डावर जमा, काही क्लिक करायची गरज नाही. आपल्या कुटुंबाचं बघू, ऑनलाइन किराणा ५,०००, खरेदी ६,०००, जेवण ३,५००, झाले १४,५००, त्यावर ७२५ रुपये. दुकानातला किराणा आणि औषधं ६,०००, त्यावर ६०. एकूण ७८५. चाळीस हजारावर काढलं तर २ टक्क्यांनाही जरा कमीच पडतं, पण वर्षाचे ९,४२० होतात आणि खर्च २ लाखांच्या वर जातो म्हणून फीही माफ. वाईट नाही.

यातली खरी मेख म्हणजे ‘ऑनलाइन’ कशाला म्हणायचं. ॲपमध्ये ऑर्डर केली पण पैसे दारात आलेल्या मुलाच्या मशीनवर कार्ड टेकवून दिले तर ते दुकानातलं धरतात, १ टक्का. उलट हॉटेलात बसून वेटरच्या मशीनऐवजी झोमॅटो-स्विगीच्या ॲपमधून बिल भरलं तर तेच जेवण ऑनलाइन होतं आणि ५ टक्के सुटतात. त्याच सुपरमार्केटचं ॲप असेल तर घरून मागवा, काउंटरवर रांग लावू नका, एवढ्या एका सवयीने या कार्डाचा कॅशबॅक चांगलाच वाढतो. फक्त डिलिव्हरी चार्ज आणि हँडलिंगच्या नावाखाली काय काय लावलंय ते बघा, २०० रुपयांच्या ऑर्डरवर २५ रुपये डिलिव्हरी देऊन १० रुपये कॅशबॅक मिळवला म्हणून खूष होणारे लोक मी पाहिलेत.

ॲमेझॉन पे आयसीआयसीआय हे २०१८ पासून आहे आणि त्याची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे फी नाही, कायमची नाही, आणि कॅशबॅकला महिन्याची मर्यादा नाही. ॲमेझॉनवर प्राइम असेल तर ५ टक्के, नसेल तर ३, ॲमेझॉन पे घेणाऱ्या इतर ठिकाणी २, बाकी सगळीकडे १. आपल्या कुटुंबाला ॲमेझॉनच्या ३,५०० वर १७५ आणि उरलेल्या १७,००० वर १७०, मिळून ३४५ रुपये. एसबीआयच्या निम्मेही नाहीत. पण पैसे येतात ॲमेझॉन पे बॅलन्समध्ये, बँकेत काढता येत नाहीत, तिथेच खर्च करायचे. काहींना हे खटकतं, मला तेवढं नाही खटकत, कारण त्यातून बिल-रिचार्ज भरता येतं म्हणजे ते रोखीसारखंच झालं. फक्त एक गोष्ट, केवळ जास्तीच्या २ टक्क्यांसाठी प्राइम घेऊ नका. वर्षाचे १,४९९ वसूल करायला ॲमेझॉनवर जवळपास ७५,००० ची खरेदी लागते. सिनेमे बघायचे असतील, डिलिव्हरी लवकर हवी असेल तर घ्या, ते वेगळं.

ॲक्सिस एसचा मामला उलटा आहे, हे बिलांचं कार्ड. गूगल पे बरोबर २०२० मध्ये आलं, गूगल पेमधून वीज-गॅस-इंटरनेट-मोबाइलची बिलं भरली की ५ टक्के, स्विगी-झोमॅटो-ओलावर ४, बाकी आधी २ होते ते आता दीड. फी ४९९ अधिक जीएसटी, २ लाख खर्चावर माफ. ५ आणि ४ टक्केवाल्या दोन्ही गटांना मिळून महिन्याला ५०० रुपयांची मर्यादा. आपला हिशोब: बिलांचे २२५, जेवणाचे १४०, बाकी १७,००० वर दीड टक्क्याने २५५, एकूण ६२०. ऐकायला भारी. पण गूगल पेने २०२५ मध्ये कार्डाने बिल भरणाऱ्यांकडून अर्धा ते एक टक्का सोयीचं शुल्क घ्यायला सुरुवात केली, वर जीएसटी, त्यामुळे साडेचार हजाराच्या बिलांवर पन्नासेक रुपये तिथे जाऊ शकतात. उरले ५६७ च्या आसपास. तरीही ज्या घरात ऑनलाइन खरेदी जवळपास नाही, सगळं दुकानात जाऊन घेतात, वडीलधारी माणसं आहेत, त्यांना एसबीआयपेक्षा हे बरं, कारण दुकानात १ च्या जागी दीड मिळतात आणि बिलं शून्यावरून वर येतात.

आणि आता ज्याचा फारसा गाजावाजा नाही ते एचएसबीसी लाइव्ह प्लस. जेवण, फूड डिलिव्हरी आणि किराणा यावर १० टक्के, महिन्याला १,००० रुपयांपर्यंत, बाकी दीड टक्का. फी ९९९ अधिक जीएसटी, २ लाखांवर माफ. आपल्या कुटुंबाचा किराणा ९,००० आणि जेवण ३,५००, मिळून १२,५००, १० टक्क्याने १,२५० झाले असते पण मर्यादा १,०००, म्हणून १,०००. उरलेली खरेदी आणि औषधं ८,०००, दीड टक्क्याने १२०. एकूण १,१२०. म्हणजे एसबीआयला ३३५ ने मागे टाकलं, वर्षाला ४,००० चा फरक! आणि हे कशामुळे, तर घरखर्चात ऑनलाइन खरेदीपेक्षा खाणं मोठं असतं, साधी गोष्ट. सगळे पाच टक्के-पाच टक्के करत बसतात आणि घरातला सगळ्यात मोठा खर्च डाळ-तांदूळ-तेल हा असतो तो कुणी धरतच नाही.

अडचण दोन. एक म्हणजे बँक सगळ्या पिनकोडला कार्ड देत नाही, मुंबई-पुण्यात मिळतं, लहान गावात राहत असाल तर आधी त्यांच्या साइटवर पिनकोड टाकून बघा, मग पुढचं स्वप्न बघा. दुसरी अडचण जास्त खोल आहे, ती फक्त या कार्डाची नाही, आणि तिच्यावर थोडं सविस्तर लिहितो कारण अर्धी भांडणं तिथेच होतात.

तुम्ही कुठे खर्च केला हे बँकेला दुकानाच्या नावावरून कळत नाही, ते कळतं एमसीसी नावाच्या चार आकडी कोडवरून. किराणा-सुपरमार्केट ५४११, हॉटेल ५८१२, फास्ट फूड ५८१४, मेडिकल ५९१२, पेट्रोल पंप ५५४१ किंवा ५५४२, वीज-पाणी-गॅस ४९००, भाडं ६५१३. हा कोड तुमची बँक देत नाही, दुकानदाराला मशीन देणारी बँक देते, मशीन बसवताना कधी नीट विचारून, कधी फॉर्म भरणाऱ्याच्या मूडप्रमाणे. त्यामुळे कोपऱ्यावरचं किराणा दुकान कागदोपत्री ‘जनरल’ निघू शकतं, बेकरी हॉटेल निघू शकते, आणि मॉलमधलं सुपरमार्केट डिपार्टमेंट स्टोअर म्हणजे ५३११ वर असू शकतं. आमच्याकडे एका दुकानात असंच झालं, सामान सगळं किराणा, पावतीवर डाळ-तांदूळ लिहिलेलं, आणि कॅशबॅक आला साधा. बँकेच्या कस्टमर केअरला फोन केला तर त्यांनी फार गोड आवाजात सांगितलं की सर, कोड आम्ही बदलू शकत नाही, मर्चंटशी बोला. मर्चंट म्हणजे आमचा दुकानदार, त्याला एमसीसी म्हणजे काय हे मी समजावत बसणार होतो की काय, मागे सहा जण रांगेत उभे.

म्हणून नवं कार्ड आलं की नेहमीच्या तीन-चार दुकानांत एकेक छोटी खरेदी करायची, स्टेटमेंट येईपर्यंत थांबायचं, कुठे किती पडले ते बघायचं आणि मगच महिन्याचा मोठा किराणा त्या कार्डावर टाकायचा. ॲपवाल्यांचंही तसंच, एकच ॲप किराणा आणि मोबाइलचे चार्जर दोन्ही विकतं तेव्हा त्याचा कोड काय असेल याची पैज लावू नये, बघून घ्यावं. एसबीआयला हा त्रास कमी कारण तिथे प्रश्न फक्त ऑनलाइन की ऑफलाइन एवढाच, वगळलेली यादी सोडली तर. साधेपणाला किंमत असते, त्या महिन्याच्या ३३५ पैकी थोडे मी साधेपणासाठी सोडायला तयार आहे, माझी बायको मात्र नाही.

मग दोन्ही घेतली तर? हा प्रश्न सगळे विचारतात आणि इथे मजा आहे. किराणा-जेवण एचएसबीसीवर, ऑनलाइन खरेदी एसबीआयवर ५ टक्क्याने, औषधं एसबीआयवर १ टक्क्याने. महिन्याला १,००० अधिक ३०० अधिक २०, झाले १,३२०, वर्षाचे १५,८४०. एकट्या एचएसबीसीचे होते १३,४४०. म्हणजे २,४०० चा फायदा? नाही हो. खर्च दोन कार्डांवर वाटला गेला, एचएसबीसीवर वर्षाला दीड लाख, एसबीआयवर ९६,०००, दोन्हीकडे २ लाखांची अट हुकली आणि दोन्ही फी लागू, ११७९ दुणे २,३५८. हातात काय राहिलं, वर्षाला ४२ रुपये. बेचाळीस! त्यासाठी दोन बिलं, दोन तारखा, दोन ॲपं आणि दोन ठिकाणी ओटीपी.

त्यापेक्षा एचएसबीसी मुख्य ठेवा आणि फुकटचं ॲमेझॉन कार्ड फक्त ॲमेझॉनसाठी. तेव्हा एचएसबीसीवर १२,५०० शिवाय इतर खरेदीचे २,५०० आणि औषधांचे २,००० असे १७,००० जातात, वर्षाला २ लाख ४ हजार, अट काठावर पास आणि फी माफ. कॅशबॅक १,००० अधिक ६७ रुपये ५० पैसे, आणि ॲमेझॉनवर प्राइमचे १७५, मिळून १,२४२ रुपये ५० पैसे, वर्षाला १४,९१०, निव्वळ, फी शून्य. प्राइम नसेल तर ३ टक्क्याने सुद्धा १४,०७० होतात. आहे की नाही गंमत, जास्त टक्केवालं दुसरं कार्ड जोडून ४२ रुपये आणि कमी टक्केवालं फुकटचं कार्ड जोडून चौदाशे-सत्तर. तुमच्या शहरात एचएसबीसी नसेल तर मुख्य कार्ड एसबीआय, आणि मग ॲमेझॉन कार्डाची गरजच नाही कारण ॲमेझॉनवर एसबीआयही ५ देतंच, रोखीत देतं.

बाकीच्यांचं पटकन. एचडीएफसी मिलेनियाला दहा ठरावीक ठिकाणी ५ टक्के, ॲमेझॉन-फ्लिपकार्ट-स्विगी-झोमॅटो त्यात आहेत, पण मिळतात ते पॉइंट, निदान ५०० जमले की स्वतः जाऊन बिलात वळते करायचे, दोन वर्षांत वापरले नाहीत तर बाद. ज्याला आठवण राहत नाही त्याने घेऊ नये. स्विगी एचडीएफसी २०२३ मध्ये आलं, स्विगीवर १० टक्के, महिन्याला १,५०० पर्यंत, आधी स्विगी मनी मिळायचे, २०२४ च्या जूनपासून सरळ बिलात वळते होतात, ही सुधारणा खरी सुधारणा आहे, उलट दिशेने जाणाऱ्या दुनियेत. इन्स्टामार्टही त्यातच येतं, त्यामुळे ज्यांचा अर्धा किराणा तिथून येतो त्यांनी जरूर विचार करावा. फ्लिपकार्ट ॲक्सिस फक्त फ्लिपकार्ट-मिंत्राच्या भक्तांनी.

उलट दिशेने म्हणजे काय तर कपात. एसबीआय कॅशबॅकला सुरुवातीला महिन्याची मर्यादा १०,००० होती, शिवाय वर्षाला चार लाउंज फुकट, २०२३ च्या मे महिन्यात मर्यादा ५,००० झाली आणि लाउंज गेलं. आपल्या चौकोनी कुटुंबाला याचा काहीच फरक पडला नाही, ७८५ वाल्याला मर्यादा दहा काय आणि पाच काय. ओरडले ते घाऊक माल उचलणारे. पण भाडं बघा, २०२२ च्या ऑक्टोबरपासून आयसीआयसीआयने त्यावर १ टक्का शुल्क लावलं, एसबीआयने नोव्हेंबरपासून ९९ रुपये, मग बाकीचे. २०२४ च्या मेपासून येस बँक आणि आयडीएफसी फर्स्टने एका मर्यादेवरच्या वीज-गॅस बिलांना १ टक्का शुल्क. म्हणून कुठलंही कार्ड वर्षभराच्या हिशोबाने घ्या, लग्न लागल्यासारखं त्याच्याशी चिकटून राहू नका, वर्धापनदिनाच्या महिनाभर आधी परत गणित मांडा.

व्याजाचं दोन ओळींत सांगतो कारण सगळ्यांना माहीत असतं आणि तरी होतं. बऱ्याच कार्डांवर व्याज महिन्याला ३.७५ टक्के, वर्षाचे ४५. एका महिन्याचे २०,५०० पूर्ण थकले तर व्याज ७६९ आणि त्यावर जीएसटी मिळून ९०७ रुपये, म्हणजे एसबीआयचा आख्ख्या महिन्याचा कॅशबॅक गेला आणि वर स्वतःच्या खिशातले सव्वाशे. मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरलं म्हणजे व्याज थांबतं असं समजणारे अजून आहेत, नाही थांबत, उलट नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. पूर्वी ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांच्या वरचं व्याज अनुचित ठरवलं होतं, तो निकाल सुप्रीम कोर्टाने २० डिसेंबर २०२४ ला रद्द केला, त्यामुळे तिकडूनही आशा नको. बँकेत ऑटो-डेबिटला ‘पूर्ण रक्कम’ निवडा, ‘मिनिमम’ नको, एवढं एक काम कार्ड आल्या दिवशी करून टाका. पगार महिन्याच्या शेवटी होत असेल आणि बिलाची तारीख अडनिडी असेल तर बिलाचं चक्र बदलून मागता येतं, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे.

राहिले क्यूआरचे ७,०००. इथे रुपे क्रेडिट कार्ड लागतं, २०२२ पासून यूपीआयला जोडता येतं, पण फक्त दुकानदाराच्या क्यूआरवर. भाजीवालीने स्वतःच्या बचत खात्याचा क्यूआर चिकटवला असेल तर क्रेडिट कार्ड तिथे चालत नाही. आणि चाललं तरी ती दोन जुड्या मेथी देते तिथे मी क्रेडिट कार्ड काढावं का हा प्रश्न मला पडतोच, जरी लहान दुकानदाराला २,००० पर्यंत त्याचं शुल्क लागत नाही. टाटा न्यू इन्फिनिटी रुपेवर त्यांच्याच यूपीआय आयडीने दीड टक्का न्यूकॉइन, म्हणजे टाटाचे पॉइंट, मिळतात, दुसऱ्या ॲपच्या आयडीने अर्धा, महिन्याला ५०० पर्यंत. ७,००० वर १०५, वर्षाला १,२६०. फी १,४९९ अधिक जीएसटी म्हणजे १,७६९, माफीला ३ लाख खर्च. म्हणजे फी भरून घेतलं तर शुद्ध तोटा. लाइफटाइम फ्री मिळालं तरच घ्या, आणि ‘लाइफटाइम फ्री’ हे शब्द ईमेलवर लेखी मागा, ‘फर्स्ट इयर फ्री’ला तेच म्हणून खपवणारे फोन रोज येतात. न्यूकॉइन बिगबास्केट, क्रोमा, वनएमजीवर खपवायचे, वर्षाच्या आत.

आणि नको असलेलं कार्ड ड्रॉवरमध्ये ठेवून देऊ नका, त्याची फी एक दिवस गुपचूप लागते. बाकी शून्य करा, जमलेला कॅशबॅक आधी वापरून घ्या कारण बंद केल्यावर तो जातो, आणि बंद करायची विनंती ईमेलने टाका. फोनवर ‘सर, थांबा, एक खास ऑफर आहे’ सुरू होतं, ऐकून घ्यायची गरज नाही. विनंतीनंतर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद झालं नाही तर बँकेला दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात, हाही रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम. ईमेलच्या शेवटी त्या नियमाचा उल्लेख करा, काम पटकन होतं.